इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी बेकायदा डांबलं, तर अमेरिकेत दावा कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. त्यात एच-१बीवर काम करणारे आहेत, विद्यार्थी आहेत, ग्रीन कार्डवाले आहेत, तिथले नागरिक झालेलेही आहेत. महाराष्ट्रात फोनची वाट बघत बसलेल्या त्यांच्या आईवडिलांनाही ती उपयोगी पडेल. आयसीई (देशाच्या आत इमिग्रेशनच्या अटका आणि हकालपट्टी करणारं खातं) किंवा सीबीपी (सीमा आणि विमानतळांवर तपासणी करणारं खातं) यांच्या अधिकाऱ्यांनी कायदा मोडून पकडलं, कोठडीत टाकलं, मारहाण केली, तर त्याचा जाब कोर्टात कसा मागायचा, एवढाच इथला विषय.

वाचायला घेण्याआधी अटकेची तारीख कागदावर लिहून ठेवा. पुरावा भक्कम असूनही केवळ मुदत उलटल्याने पडलेले दावे आहेत. त्यातल्या एकाबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

घरचा माणूस आत्ता कोठडीत आहे. आधी दावा करायचा की आधी सुटका?

सुटका. भरपाईचा दावा आणि सुटकेचा अर्ज ही दोन स्वतंत्र कामं आहेत आणि त्यांचे कागदही वेगळे. माणूस बाहेर काढण्यासाठी फेडरल, म्हणजे केंद्रीय, डिस्ट्रिक्ट कोर्टात हेबिअस कॉर्पसची (कोठडी कायदेशीर आहे का, हे कोर्टाने तपासावं अशी) याचिका करावी लागते. तिची फी ५ डॉलर आहे. याचिका दाखल होताना माणूस ज्या जिल्ह्यातल्या कोठडीत आहे, त्याच जिल्ह्याच्या कोर्टात ती जायला हवी, आणि साधारणपणे त्या कोठडीच्या वॉर्डनला प्रतिवादी करावं लागतं.

इथे तासांचा हिशेब असतो. न्यू जर्सीत पकडलेल्या माणसाला एक-दोन दिवसांत लुइझियानात किंवा टेक्सासमध्ये हलवलं जाऊ शकतं. हलवण्याआधी याचिका दाखल झाली असेल, तर त्याला पुढे कुठेही नेलं तरी पहिल्या कोर्टाचा अधिकार टिकून राहतो. हलवल्यानंतर जाग आली, तर नव्या राज्यातला वकील, नवं कोर्ट आणि बऱ्याचदा कमी सहानुभूतीचे निवाडे, असं सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून शुक्रवारी रात्री अटक झाली तर सोमवारपर्यंत थांबू नका. कोठडीतल्या माणसाला स्वतः सही करणं शक्य नसेल, तर जवळचा नातेवाईक त्याच्या वतीने ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणून याचिका करू शकतो. मात्र त्याला स्वतःला ती का करता येत नाही, हे याचिकेत लिहावं लागतं.

काहींना इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाँडवर सुटका मागता येते. बाँडची रक्कम किमान १,५०० डॉलर असते. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने तपासणी चुकवून देशात आलेल्यांना बाँड नाकारणारा निर्णय दिला. तेव्हापासून अशा लोकांसाठी हेबिअस हाच मुख्य रस्ता उरला आहे. रीतसर व्हिसावर आलेल्या आणि नंतर मुदत संपलेल्या माणसाला तो निर्णय लागू होत नाही. सुनावणीत हे ठासून सांगावं लागतं, कारण सरकारी वकील दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजू पाहतात.

माणूस नेमका कुठे ठेवलाय, हेच कळत नाही. कसं शोधायचं?

आयसीईचा ऑनलाइन डिटेनी लोकेटर आहे. त्यात दोन प्रकारे शोधता येतं. एक म्हणजे ए-नंबर आणि जन्मदेश, दुसरा म्हणजे नाव, आडनाव आणि जन्मदेश. ए-नंबर म्हणजे इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक, तो आठ किंवा नऊ आकडी असतो. ग्रीन कार्डावर, वर्क परमिटवर आणि काही नोटिसांवर तो छापलेला असतो. तो घरच्यांकडे आधीपासून लिहिलेला असावा.

नावाने शोधताना मराठी नावं हमखास अडखळतात. पासपोर्टावर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, तर कुणा अधिकाऱ्याने मधलं नाव गाळून टाकलेलं असतं किंवा तेच आडनावाच्या जागी भरलेलं असतं. लोकेटर जुळतंमिळतं नाव दाखवत नाही, अक्षर न् अक्षर सारखं लागतं. म्हणून एकटं नाव, नाव आणि वडिलांचं नाव, मधलं नाव आडनावाच्या जागी, अशी सगळी रूपं टाकून बघा. पहिले एक-दोन दिवस नोंदच न दिसणं हेही नेहमीचं आहे. तोवर आयसीईच्या स्थानिक फील्ड ऑफिसला फोन करत राहा आणि प्रत्येक फोनची वेळ व बोललेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा. पुढे हीच टिपणं पुरावा होतात.

भारतीय कॉन्सुलेट काय करू शकतं?

व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानुसार, अटकेतल्या भारतीय नागरिकाने मागणी केली की कॉन्सुलेटला कळवणं अमेरिकेवर बंधनकारक आहे. मागणी केली नाही, तर भारताच्या बाबतीत ते आपोआप कळवलं जात नाही. त्यामुळे कोठडीत पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत मागा. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. कॉन्सुलेट माणसाला भेटू शकतं, वकिलांची यादी देऊ शकतं. खटला लढवणं मात्र त्याचं काम नाही. आणि ओसीआय कार्ड असलेला माणूस कायद्याने परदेशी नागरिक असतो. त्याच्यासाठी कॉन्सुलेटला हा हक्क नाही.

कोणती अटक बेकायदा ठरते?

अन्याय झाला असं वाटणं पुरेसं नाही. कायद्याची कोणती ओळ मोडली, ते दाखवावं लागतं. नेहमी समोर येणारे प्रकार असे:

वॉरंट नसताना पकडायचं असेल, तर अधिकाऱ्याकडे दोन गोष्टी असाव्या लागतात. माणूस बेकायदा राहतोय असं मानायला ठोस कारण, आणि वॉरंट मिळेपर्यंत तो निसटेल अशी शक्यता. दुसरी अट सर्रास विसरली जाते. दहा वर्षं एकाच पत्त्यावर राहणारा, मुलांना रोज शाळेत सोडणारा माणूस ‘निसटणार होता’ असं म्हणणं अधिकाऱ्याला जड जातं. म्हणून पत्ता, नोकरी, शाळा यांचे कागद दाव्यात जोडावेत.

घरात शिरण्याचा मुद्दा सगळ्यात स्वच्छ आहे. आयसीईचे आय-२०० आणि आय-२०५ हे कागद त्यांच्याच खात्यातला अधिकारी सही करून काढतो. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. कागदाच्या डोक्यावर होमलँड सिक्युरिटी खात्याचं नाव असेल तर ते प्रशासकीय वॉरंट, आणि युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्टाचं नाव व न्यायाधीशाची सही असेल तर ते कोर्टाचं. प्रशासकीय वॉरंटावर संमतीशिवाय घरात पाऊल टाकणं हा (नाहक झडती आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या) चौथ्या घटनादुरुस्तीचा भंग आहे, असं कोर्टांनी सांगितलं आहे. ‘संमती’ म्हणजे काय, यावर पुढे महिनोन्‌महिने वाद होतो. दार उघडून बाजूला सरकणं हीसुद्धा संमती होती, असा युक्तिवाद सरकार करतं. म्हणून दार न उघडता, कागद दाराखालून सरकवायला सांगणं शहाणपणाचं.

रस्त्यावर केवळ चेहरा, रंग किंवा भाषा बघून थांबवणं पुरेसं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच म्हटलं होतं. माँटाना राज्यातल्या हॅव्हर गावात २०१८ मध्ये दोन अमेरिकी नागरिक स्त्रियांना, दुकानात स्पॅनिश बोलत होत्या म्हणून, सीमा गस्तीच्या अधिकाऱ्याने अडवून ठेवलं. त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं, २०१९ मध्ये दावा लावला आणि २०२० मध्ये सरकारने पैसे देऊन तडजोड केली. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या अशा थांबवाथांबवीवरची खालच्या कोर्टाची बंदी तात्पुरती उठवली. त्याने भरपाईचे दावे संपले नाहीत, पण सरकारच्या युक्तिवादाला जोर आला आहे.

अमेरिकी नागरिकाला इमिग्रेशन कायद्याखाली कोठडीत ठेवण्याचा अधिकारच कुणाला नाही. एकसारखी नावं हा इथला मोठा घोळ आहे. पाटील किंवा जाधव आडनावाच्या दुसऱ्याच माणसाचं रेकॉर्ड डोक्यावर बसू शकतं. पासपोर्टाची प्रत दाखवूनही सोडलं नाही, तर ती कुणाला, किती वाजता दाखवली ते लिहा.

अंतिम हकालपट्टीचा आदेश झाला, पण देशाबाहेर पाठवणं जमत नाही, म्हणून माणूस महिनोन्‌महिने आत आहे, असंही होतं. २००१च्या एका निकालानुसार सहा महिन्यांनंतर, नजीकच्या काळात पाठवणं शक्य नसेल, तर त्याला सोडण्याचा विचार करावाच लागतो.

आणि एक कटू गोष्ट. व्हिसाची मुदत संपलेली आहे, वॉरंट रीतसर आहे, अटक सार्वजनिक जागी शांतपणे झाली, तर ती कितीही क्रूर वाटली तरी दावा उभा राहत नाही.

ज्या अधिकाऱ्याने हे केलं, त्याच्यावरच वैयक्तिक दावा करता येतो ना?

कागदावर येतो, प्रत्यक्षात जवळजवळ नाही. १९७१ मध्ये बिव्हन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फेडरल अधिकाऱ्याने चौथ्या घटनादुरुस्तीचा भंग केला तर त्याच्याकडून भरपाई मागता येईल. १९८०नंतर मात्र या न्यायालयाने तो हक्क नव्या प्रकारच्या एकाही प्रकरणाला दिलेला नाही. २०१७ मध्ये ११ सप्टेंबरनंतर ब्रुकलिनमध्ये डांबलेल्यांना नाकारला, २०२० मध्ये सीमेपलीकडे गोळी लागून मेलेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना नाकारला. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका अतिथिगृहाच्या मालकाला सीमा गस्तीच्या अधिकाऱ्याविरुद्ध नाकारला, आणि त्या निकालाने दार जवळजवळ बंदच झालं.

त्यावर ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ची भिंत वेगळी. आधीच्या निवाड्यांनी स्पष्टपणे प्रस्थापित झालेला हक्क मोडला असेल तरच अधिकारी स्वतः उत्तरदायी ठरतो.

त्या माणसाला कोर्टात उभं बघायची इच्छा समजण्यासारखी आहे. पण पहिली शक्ती तिथे खर्च करू नये. काही राज्यं स्वतःचे कायदे करू लागली आहेत. इलिनॉयने डिसेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन कारवाईत घटनात्मक हक्क मोडणाऱ्या अधिकाऱ्यांवर राज्याच्या कोर्टात दावा करता येईल असा कायदा केला, आणि केंद्र सरकारने त्याला लगेच आव्हान दिलं. तुमच्या राज्यात काय स्थिती आहे, हे वकिलाला आवर्जून विचारा.

मग दावा कुणावर करायचा?

अमेरिकेच्या सरकारवर. त्यासाठी १९४६चा फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट आहे. सरकारी नोकराने कामावर असताना चुकीची कृती केली, तर जिथे घटना घडली त्या राज्याच्या कायद्याने सरकार भरपाई द्यायला बांधील असतं. खोटी अटक, बेकायदा डांबणं, मारहाण, हलगर्जीपणा अशी राज्याच्या कायद्यातली दिवाणी अपकृत्यं (ज्यांबद्दल भरपाई मागता येते अशी चुकीची कृत्यं) या दाव्यात मांडतात. ‘राज्यघटनेचा भंग झाला’ एवढंच लिहिलं तर दावा फेटाळला जातो, कारण हा कायदा घटनाभंगासाठी भरपाई देत नाही. तोच प्रसंग राज्याच्या कायद्याच्या भाषेत लिहावा लागतो.

१९७४ मध्ये या कायद्यात एक महत्त्वाची भर पडली. त्याआधी मुद्दाम केलेल्या मारहाणीसाठी किंवा खोट्या अटकेसाठी सरकारवर दावा चालत नसे. इलिनॉयच्या कॉलिन्सव्हिल गावात अमली पदार्थविरोधी अधिकारी चुकीच्या घरांत घुसले, त्यावर गदारोळ झाला, आणि अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांपुरती ती सूट काढून टाकली. आयसीई आणि सीबीपीचे अधिकारी त्यातच येतात.

या मार्गाचा एक मोठा फायदा असा की अधिकाऱ्याचं नाव माहीत असावं लागत नाही. तोंडावर मास्क, छातीवर बिल्ला नाही, गाडीवर खूण नाही, अशा अटकेतही तारीख, वेळ, जागा आणि खातं सांगता आलं की दावा उभा राहतो. तोटेही आहेत. ज्युरी नसते, न्यायाधीश एकटा निकाल देतो. दंडात्मक भरपाई मिळत नाही. आणि या दाव्याचा निकाल लागला, की त्याच प्रसंगावरून अधिकाऱ्यावर वेगळा दावा चालत नाही.

फॉर्म ९५ म्हणजे काय, आणि तो कसा भरायचा?

कोर्टात जाण्याआधी संबंधित खात्याकडे लेखी दावा करावाच लागतो, आणि त्यासाठीचा ठरलेला कागद म्हणजे स्टँडर्ड फॉर्म ९५. दोन पानांचा हा फॉर्म फुकट मिळतो आणि वकिलाशिवायही भरता येतो. सगळं प्रकरण त्याच्यावर उभं राहतं, म्हणून एकेक रकान्याबद्दल सांगतो.

पहिल्या रकान्यात खात्याचं नाव आणि पत्ता. अटक आयसीईने केली असेल तर आयसीईच्या कायदा विभागाकडे, विमानतळ किंवा सीमेवरची असेल तर सीबीपीच्या चीफ कौन्सिलकडे, म्हणजे मुख्य कायदा कार्यालयाकडे. दोन्ही खात्यांची माणसं होती असं वाटत असेल, तर दोन्हीकडे स्वतंत्र प्रती पाठवा.

आठव्या रकान्यात घटना. इथे ‘सविस्तर पुरवणी पाहा’ लिहून वेगळी पानं जोडा. प्रसंग वेळेच्या क्रमाने लिहा. कोण आलं, काय म्हणालं, कोणता कागद दाखवला, बेड्या किती वेळ होत्या, पाणी-औषध-फोन कधी मागितला, कधी मिळाला. शेवटी राज्याच्या कायद्यातली सगळी अपकृत्यं नावानिशी नोंदवा. इथे न मांडलेला प्रसंग पुढे कोर्टात काढला, तर सरकार त्यावर हरकत घेतं. दवाखान्यात नेलं नाही ही तक्रार असेल, तर ती इथेच यायला हवी.

दहाव्या रकान्यात शरीराला आणि मनाला झालेली इजा.

बाराव्या रकान्यात रक्कम, आणि सगळ्यात जास्त घात इथेच होतो. शेवटच्या चौकोनात एकूण एकच ठाम आकडा हवा. ‘एक लाखाहून जास्त’, ‘नंतर कळवू’, ‘कोर्ट ठरवेल तेवढी’ असं लिहिलं तर कायद्याने दावा केलाच नाही असं धरलं जाऊ शकतं. नवा पुरावा सापडल्याशिवाय पुढे कोर्टात या आकड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, म्हणून आकडा हात राखून लिहू नका. बुडालेला पगार, गेलेली नोकरी, सुटकेसाठी वकिलाला दिलेले पैसे, बाँडचा खर्च, डॉक्टरची बिलं, पुढच्या उपचारांचा अंदाज, आणि स्वातंत्र्य गेलं त्या प्रत्येक दिवसाची किंमत, असा हिशेब मांडून मगच बेरीज करा.

बायको आणि मुलांनाही इजा झाली असेल, तर प्रत्येकाचा वेगळा फॉर्म आणि वेगळी रक्कम. मुलांच्या वतीने पालकाची सही. नवऱ्याच्या फॉर्मात बायकोचा उल्लेख असला म्हणजे तिचा दावा झाला, असं होत नाही. वकील सही करणार असेल तर वकालतीचा पुरावा जोडा.

फॉर्म सही-शिक्क्याच्या टपालाने, पोच घेऊन पाठवा. मुदत मोजताना पोस्टात टाकल्याची तारीख चालत नाही, खात्याला मिळाल्याची तारीख धरतात.

मुदत नेमकी किती?

घटनेपासून दोन वर्षांच्या आत फॉर्म ९५ खात्याला मिळायला हवा. खातं सहा महिन्यांत उत्तर देतं किंवा देत नाही. नकाराचं पत्र आलं, तर ते टपालात पडल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत कोर्टात दावा. सहा महिने उलटूनही काहीच आलं नाही, तर तो नकार समजून कोर्टात जाता येतं.

दोन वर्षं कधीपासून मोजायची, यात एक भयंकर खड्डा आहे. एका अमेरिकी नागरिकाला आयसीईने २००८ ते २०११ या काळात १,२७३ दिवस कोठडीत ठेवलं. आपण नागरिक आहोत हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. ट्रायल कोर्टाने त्याला ८२,५०० डॉलर मंजूर केले. २०१७ मध्ये अपील कोर्टाने ते रद्द केले. कारण असं की, इमिग्रेशन न्यायाधीशासमोर कारवाई सुरू झाली त्या दिवशीच, म्हणजे अटकेनंतर महिन्याभरातच, बेकायदा अटकेच्या दाव्याचं घड्याळ सुरू झालं होतं. त्याच्याकडे वकील नव्हता, तो कोठडीतच होता, आणि तिथेच त्याची दोन वर्षं संपली.

म्हणून सुटकेच्या तारखेवर विसंबू नका, अटकेच्या दिवसापासूनच मोजा. माणूस अजून आत असला तरी फॉर्म ९५ पाठवता येतो, पाठवावाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, कोठडीत टाकलेल्या एका स्थलांतरित स्त्रीच्याच खटल्यात, असाधारण कारण असेल तर मुदत सैल करता येते असं म्हटलं आहे. पण वरचं उदाहरण त्यानंतरचं आहे, हे लक्षात असू द्या.

सरकार बचाव कसा करतं?

मुख्य हत्यार ‘विवेकाधिकार’. अधिकाऱ्याने काय करायचं हे त्याच्या निर्णयावर सोडलेलं होतं आणि तो निर्णय धोरणाशी निगडित होता, तर सरकारवर दावा चालत नाही. याला उत्तर म्हणजे, ‘इथे निर्णयाला वावच नव्हता’ हे दाखवणं. संघीय नियमावलीतल्या शीर्षक ८ मध्ये नियम २८७.३ आणि २८७.८ आहेत. वॉरंटशिवाय पकडलेल्या माणसाला ठेवायचं की सोडायचं याचा निर्णय साधारण ४८ तासांत घ्यावा, अधिकाऱ्याने शक्य होताच आपली ओळख आणि अटकेचं कारण सांगावं, असे स्पष्ट आदेश त्यात आहेत. दाव्यात हे क्रमांक नावानिशी येऊ द्या. राज्यघटना मोडण्याचा विवेकाधिकार कुणालाच नसतो, हे अनेक अपील कोर्टांनी मानलं आहे, पण सगळ्यांनी नाही. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अटलांटात एफबीआयने चुकीच्या घरावर घातलेल्या छाप्याच्या खटल्यात, १९७४च्या दुरुस्तीने विवेकाधिकाराची सूट आपोआप जात नाही, असं स्पष्ट केलं. त्यामुळे हा मुद्दा आता प्रत्येक खटल्यात लढवावा लागणार.

दुसरं हत्यार अधिकारक्षेत्राचं. हकालपट्टीची कारवाई सुरू करणं, चालवणं आणि आदेश अमलात आणणं, या तीन निर्णयांवरून उद्भवलेले दावे ऐकायला कायद्याने कोर्टांना मनाई आहे. ‘मला देशाबाहेर काढायला नको होतं’ असा दावा इथे आपटतो. ‘माझ्या घरात कोर्टाच्या वॉरंटशिवाय शिरले, खाली पाडून मनगट मोडलं’ हा दावा टिकण्याची शक्यता बरीच जास्त. लिहिणाऱ्याने ही रेघ पहिल्या पानापासून पाळावी.

पुरावा कसा जमवायचा?

सुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरकडे जा. मनगटावरचे वळ, सूज, सगळ्याचे तारखेसह फोटो घ्या. त्याच दिवशी, मराठीत का होईना, आठवतंय तसं सगळं लिहून काढा. आधी मोबाइलमधलं लोकेशन आणि मेसेज जपून ठेवा.

दुकानं आणि इमारतींचे कॅमेरे जुनं चित्रण काही दिवसांत पुसून टाकतात. त्या मालकांना आणि आयसीई-सीबीपीलाही ‘हे चित्रण नष्ट करू नका’ असं पत्र लगेच पाठवा. दारावरच्या बेलचा कॅमेरा शेजाऱ्यांकडे आहे का, तेही विचारा.

अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून आपली फाइल मागवा. त्यातला आय-२१३ हा कागद सगळ्यात मोलाचा. अटक का आणि कशी झाली, हे अधिकाऱ्याने स्वतः त्यावर लिहिलेलं असतं. अटकेनंतर रचलेली कारणं आणि हा कागद जुळत नाहीत, असं बऱ्याचदा आढळतं. कायद्यात २० कामकाजी दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतात. म्हणून हा अर्ज फॉर्म ९५च्या आधी करा, पण त्याच्या उत्तरासाठी फॉर्म अडवून ठेवू नका.

स्थानिक पोलिसांनी आयसीईच्या सांगण्यावरून ठेवून घेतलं होतं. तेव्हा?

हे प्रकरण वेगळं आहे आणि वादीच्या दृष्टीने बरंच चांगलं. आयसीई तुरुंगाला ‘डिटेनर’ पाठवतं. सुटकेची वेळ झाल्यावरही माणसाला ४८ तासांपर्यंत ठेवा, अशी ती विनंती असते. विनंती म्हणजे हुकूम नव्हे, असं अपील कोर्टाने २०१४ मध्ये म्हटलं. त्यामुळे पुरेशा कारणाशिवाय ठेवून घेतलं तर काउंटी स्वतः जबाबदार ठरू शकते. राज्याच्या आणि स्थानिक अधिकाऱ्यांवर नागरी हक्कांच्या कलम १९८३ खाली दावा होतो. तिथे ज्युरी मिळते, आणि जिंकल्यास वकिलाची फीही समोरच्याकडून मिळू शकते. याची मुदत राज्यागणिक बदलते. टेनेसीत एक वर्ष, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये दोन, न्यूयॉर्कमध्ये तीन. राज्याच्या कायद्याखालचेही मुद्दे घ्यायचे असतील तर आधी नोटीस द्यावी लागते. न्यूयॉर्कमधल्या स्थानिक संस्थांसाठी ती ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात सहा महिन्यांत.

पोलीस २८७-जी कराराखाली (स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनचं काम सोपवणारा आयसीईबरोबरचा करार) काम करत असतील, तर कायदा त्यांना काही बाबतींत फेडरल नोकर धरतो. कोणत्या बाजूला पडतील याचा अंदाज न लावता, फॉर्म ९५ही भरा आणि स्थानिक नोटीसही द्या.

कोठडी खासगी कंपनीची असेल, तर तिथल्या मारहाणीसाठी किंवा औषधोपचार नाकारल्याबद्दल थेट कंपनीवर राज्याच्या कोर्टात दावा करता येतो. कंत्राटदाराच्या चुकीसाठी सरकार हात झटकतं.

खात्याकडे तक्रार केली तर?

करा, नोंद राहते. पण मार्च २०२५ मध्ये होमलँड सिक्युरिटीच्या नागरी हक्क कार्यालयातले आणि डिटेन्शन लोकपाल कार्यालयातले जवळजवळ सगळे कर्मचारी काढण्याची घोषणा झाली. आणि अशा तक्रारीने दोन वर्षांची मुदत थांबत नाही. तक्रार म्हणजे फॉर्म ९५ नव्हे.

दावा केला तर व्हिसा किंवा ग्रीन कार्डावर परिणाम होईल का?

दावा करणं हे व्हिसा नाकारण्याचं कायदेशीर कारण नाही. त्याने हकालपट्टीची कारवाई थांबतही नाही, ती वेगळी चालते. धोका आहे तो दाव्यात केलेल्या विधानांचा. देशात कधी, कसे आलात, कुठे काम केलंत, यातला प्रत्येक शब्द इमिग्रेशन प्रकरणात तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. म्हणून फॉर्म ९५ पाठवण्याआधी इमिग्रेशन वकिलाने तो वाचलाच पाहिजे. आणि कोठडीत असताना स्वेच्छेने देश सोडण्याचा किंवा सुनावणीचा हक्क सोडण्याचा कागद समोर आला, तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका.

वकील किती पैसे घेतो? मिळतात किती?

या कायद्याखाली फीवर मर्यादा आहे. खात्याशी तडजोड झाली तर रकमेच्या २० टक्के, कोर्टात दावा लावल्यानंतर २५ टक्के. त्याहून जास्त घेणं गुन्हा आहे. बरेच वकील पैसे मिळाल्यावरच फी घेतात. कोर्टाची दाखल फी ४०५ डॉलर आहे, ऐपत नसेल तर माफी मागता येते. एसीएलयू (नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था), नॅशनल इमिग्रेशन प्रोजेक्ट आणि विद्यापीठांची विधी क्लिनिकं निवडक खटले फुकट लढवतात. वकील नसलेल्या ‘कन्सल्टंट’च्या हाती प्रकरण देऊ नका.

रकमांचा ठराविक दर नाही. नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या, मानसिक आजार असलेल्या एका नागरिकाला २००८ मध्ये मेक्सिकोला धाडलं होतं. त्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये १,७५,००० डॉलरवर तडजोड झाली. काही तासांच्या अडवणुकीत रक्कम बरीच लहान असते. प्रकरण कोर्टात गेलं तर दोन-तीन वर्षं धरून चाला.

विद्यार्थी म्हणून फसवणूक झाली असेल तर?

आयसीईने मिशिगनमध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ नावाचं बनावट विद्यापीठ चालवलं होतं. २०१९ मध्ये ते उघड झालं. अडकलेल्यांत बहुतेक भारतीय होते. भरलेली फी परत मिळावी म्हणून त्यांच्यातल्या एकाने करारभंगाचा दावा लावला, आणि २०२४ मध्ये फेडरल सर्किट कोर्टाने तो चालू शकतो असं ठरवलं. हा मार्ग कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समधला आहे आणि त्याची मुदत सहा वर्षं. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदयादी) नोंदी अचानक रद्द झाल्या, तेव्हा उपयोगी पडला तो तिसराच मार्ग, प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्याखाली तातडीचा मनाई हुकूम. त्यात पैसे मिळत नाहीत, पण नोंदी परत आल्या.

भारतात परत पाठवलं आहे. आता दावा करता येईल का?

येतो. वादी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा, अशी अट नाही. फॉर्म ९५ भारतातून पाठवता येतो. कोर्टातला दावा मात्र जिथे घटना घडली त्या जिल्ह्यात लागतो. जबानी व्हिडिओवर घेण्यासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या १०४ जणांत महाराष्ट्राचे तिघे होते. प्रवासभर हातापायांत बेड्या होत्या, याबद्दल दावा करता येईल का, असं तेव्हापासून विचारलं जातं. नुसत्या बेड्यांबद्दल कठीण आहे, कारण ते खात्याचं ठरलेलं धोरण आहे आणि सरकार विवेकाधिकाराची ढाल पुढे करतं. बेड्यांमुळे जखम झाली, औषध नाकारलं, मारहाण झाली, असं काही असेल तर तेवढ्या भागाचा दावा वेगळा उभा राहतो.

प्रतिज्ञापत्रासाठी नोटरी लागेलच असं नाही. फेडरल कोर्टात स्वतःच्या सहीचं निवेदन चालतं, पण ते देशाबाहेर केलेलं असेल तर ‘अमेरिकेच्या कायद्यांखाली, खोटं बोलल्यास शिक्षेस पात्र राहून’ हे शब्द इंग्रजीत हवेत आणि खाली तारीख. ‘अमेरिकेच्या कायद्यांखाली’ हे शब्द सुटले तर निवेदन बाद होऊ शकतं. निवेदन मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचा दाखला जोडा. मुखत्यारपत्र लागलं तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणूनचा दाखला) घ्या, आणि त्याला लागणारे आठवडे दोन वर्षांच्या मुदतीतून आधीच वजा करून ठेवा.